खानावळीतली कोरीव ताटं

जोहे, ता. पेण

प्रिय प्रतिक्षा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधी हेच लिहिते की इथे सगळं ठीक आहे. ह्यांची तब्येत बरी आहे, माझा गुडघा कुरकुरतो पण चालते, आणि परसातली भट्टी अजून पेटते आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मला फोनवर बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? फोन कुणाचाही असो, 'जेवलीस का' आणि 'बरी आहेस ना' एवढं विचारून झालं की माझे शब्द संपतात. जे विचारायचं असतं ते फोन ठेवल्यावर आठवतं, आणि मग ओट्यापाशी उभी राहून मी भांड्यांना विचारत बसते. शिवाय एकमेकींना फोन करायचा नाही, हे मीच तुला सांगितलं होतं. तू ते इतकं काटेकोर पाळलंस की कधी कधी मला तुझा रागच येतो.

माघी गणपतीच्या मूर्ती परवाच गाड्या भरून गेल्या. कारखाने जरा कुठे निवांत झाले तोवर भाद्रपदाचे साचे बाहेर निघाले. शेतात वाल भरलाय, संध्याकाळ झाली की कुठल्या ना कुठल्या बांधावर पोपटी लागते, शेंगांचं मडकं जाळात उपडं पडतं आणि त्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सरळ आपल्या स्वयंपाकघरात येतो. काल शेजारच्या बायजाबाई पोपटीतल्या शेंगा घेऊन आल्या. ताटली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तुज्या सुनंला लय आवडायच्या गो." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं आणि त्या कोंबड्यांना हाकायच्या निमित्ताने अंगणात गेल्या. मी म्हटलं, आवडायच्या काय, अजून आवडत असतील की. रोह्याला काय वाल पिकत नाही? पण शेंगा सोलताना लक्ष नव्हतं. तू आलीस त्या पहिल्या हिवाळ्यात आपण सगळे कालव्याच्या अंगाला पोपटी लावायला गेलो होतो. मडकं उपडं करताना नितेशने हात भाजून घेतला आणि तू नवी नवरी, सासऱ्यासमोर खो खो हसलीस. मला तेव्हाच वाटलं, ही आपल्या घरात टिकणार.

तुझ्या आधीची एक गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही. वडखळच्या पुढे अलिबाग रस्त्याला ज्या बाईंचा भांड्यांचा कारखाना होता, तिथे तीन-चार वर्षं काम शिकून नितेश घरी आला आणि म्हणाला, मी गणपती करणार नाही, मी स्टोनवेअर करणार. ह्यांना तो शब्दच कळला नाही. लोणच्याच्या बरण्या असतात ना, तसली पक्की भांडी, असं त्याने समजावलं. मग मात्र हे भडकले. गणपतीच्या गावात राहून कपबश्या करणार? आजोबांनी मूर्ती केल्या, मी केल्या, तुझी आई डोळ्यांची आखणी करते ती बघायला पेणहून माणसं येतात, आणि तू बश्या करणार! नितेश भांडला नाही. तो एवढंच म्हणाला, "बाबा, आपलं काम लोक दहा दिवस पुजतात नि पाण्यात सोडतात. मला असं काहीतरी करायचंय की ते लोक रोज घासतील, पालथं घालतील आणि दुसऱ्या दिवशी परत काढतील." हे उठून बाहेर गेले. जेवायला आले तेव्हा म्हणाले, भट्टीला जागा लागेल ना, परसातला शेवगा तोडावा लागेल. आपल्या घरातली भांडणं अशीच मिटतात, हे तू नंतर पाहिलंसच.

तरी तू येईपर्यंत त्याची भांडी साधी होती. चांगली होती, वजनाला हलकी, कड गोल, पण साधी. तू खारेपाटातली, मिठागरावर वाढलेली. तुझे वडील जनूभाऊ मीठ ओढायचे आणि आई लहानपणीच गेलेली, म्हणून तूही त्यांच्या मागे बांधावर असायचीस. लग्नानंतर पंधरवडाभर तू भट्टीच्या खोलीत नुसती बघत उभी राहायचीस. एक दिवस नितेश पेणला गेला असताना तू फळीवरचं एक अर्धवट सुकलेलं ताट घेतलंस आणि खराट्याची काडी तासून त्याच्या काठावर मिठागराच्या कोंड्या कोरल्यास. एकाला लागून एक चौकोन, मध्ये बांध, आणि एका बांधावर एका पायावर उभा असलेला बगळा. संध्याकाळी तो आला, त्याने ताट पाहिलं आणि मी घाबरले, कारण ते ऑर्डरचं होतं. तो तुला म्हणाला, "काडीनं नको करू, कड फाटते. मी तुला कोरणी आणून देतो." ते ताट भाजून, फिकट हिरवी झिलई चढून बाहेर आलं तेव्हा कोरलेल्या रेषांमध्ये झिलई साचून गडद झाली होती. अगदी भरतीचं पाणी शिरल्यासारखी. हे कितीतरी वेळ ते हातात धरून होते. त्या दिवसापासून नितेश चाकावर आणि तू त्याच्या समोर, दोघांच्या मध्ये ओल्या फडक्यांनी झाकलेली फळी. मी मूर्तींचे डोळे करायला बाहेरच्या पडवीत बसायचे आणि तुमचं बोलणं ऐकायचे. बहुतेक वेळा ते भांडणच असायचं. तुला खोल कोरायचं असायचं, आणि तो म्हणायचा की खरकटं अडकेल.

काशीबाई पहिल्यांदा आल्या त्याही याच प्रश्नावर अडल्या होत्या, आठवतं? रोह्याला एसटी स्टँडसमोर त्यांची खानावळ, धाटावच्या कंपन्यांतली माणसं शिफ्ट सुटली की जेवायला येणार. त्यांनी काठावर खेकडा कोरलेलं ताट उलटं करून टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि म्हणाल्या, "दिसायला झ्याक हाय, पर आमटी शिरंल ना तुज्या चिंबोरीच्या टांगांत. घासनार कोन?" तू उठलीस. आतून वालाचं बिरडं आणलंस, त्याच ताटात वाढलंस, त्यांना जेवू घातलंस आणि त्यांच्यासमोर ते ताट नुसत्या पाण्याने हात फिरवून धुतलंस. त्यांनी पदराने पुसून उजेडात धरलं. मग सगळ्या खानावळीची ताटं-वाट्या सांगितल्या. बरोबर आलेला त्यांचा मुलगा मिथुन खोकी किती लागतील ते मोजत होता. तेव्हा त्याच्याकडे आपलं कुणाचं लक्षही नव्हतं. प्रत्येक ताटावर तू वेगळं काही कोरलंस, कुठे जिताडा मासा, कुठे कोळंबी, कुठे तिवराची पानं. नितेश हसायचा, खानावळीत भांडणं लावशील म्हणून.

त्याच वर्षीच्या भाद्रपदाचं मी फार लिहिणार नाही. शेतात पाणी होतं, तो बांध घालायला उतरला होता, ताप आला, आम्हाला वाटलं साधा असेल. मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी लेप्टो सांगितलं, पेणहून पनवेलला नेलं, त्यांनी करायचं ते सगळं केलं. गावातून गणपतीच्या गाड्या निघत होत्या आणि आपण नितेशला शेवटचं घरी घेऊन आलो. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस आणि मला एकच विचार येत होता की हिचं वय काय आहे.

त्यानंतर आपण तिघं कसे राहिलो! तू भट्टीच्या खोलीला कडी लावलीस. माझ्याजवळ पडवीत बसून मूर्तींना पिवळा रंग द्यायचीस, जेवण करायचीस, ह्यांच्या गोळ्या द्यायचीस, आणि जनूभाऊ घ्यायला आले तेव्हा म्हणालीस की मी इथेच बरी आहे. वर्ष उलटून गेलं. मग मिथुन दारात आला. खानावळीला मागचा हॉल जोडलाय, आईला अजून ताटं पाहिजेत, तशीच. मी सांगणार होते की आता आम्ही करत नाही. पण हे माझ्या आधी बोलले. चाक मला येत नाही, पण साचा येतो. ताटं साच्यावर दाबून काढता येतील. ज्या माणसाने कपबशीच्या नावाने डोकं फिरवून घेतलं होतं, तो माणूस त्या दिवशी मुलाचं ताट समोर ठेवून प्लास्टरचा साचा करायला बसला. पहिली भट्टी पूर्ण वाकडी निघाली. दुसरीत अर्धी वाचली. तिसऱ्या खेपेला फळीवर ओली ताटं रांगेने होती आणि तू येऊन तुझ्या स्टुलावर बसलीस. मी पडवीतून बघितलं आणि माझ्या हातातल्या मूर्तीचा डोळा फिसकटला.

पुढचं सगळं तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही, पण मी आंधळी नव्हते. ताटं नेल्यावर मिथुन वाटी फुटली म्हणून आला. मग परत वाटी फुटली. मग बशीला चीर गेली. एवढ्या पक्क्या वाट्या इतक्या कशा फुटतात म्हणून हे माती बदलायच्या विचारात पडले. पुढे काशीबाईंनीच सांगितलं की फुटलेल्या सगळ्या वाट्या त्यांना तांदळाच्या पिंपामागे धडधाकट सापडल्या. तो आला की तू कोरायची थांबायची नाहीस, मानही वर करायची नाहीस. पण तुझी कोरणी हळू चालायची. आणि तो गेल्यावर तू गुणगुणायचीस. नितेश गेल्यापासून तुझा तो आवाज मी ऐकला नव्हता. ऐकून बरंही वाटलं आणि खुपलंही. तुला वाटेल ही बाई किती मोठ्या मनाची. नव्हते गं. तीन आठवडे मी तुझ्याशी धड बोलले नाही.

बायजाबाई म्हणायच्या, "कमावती सून हाय, लेकीवानी ऱ्हाते, कशाला घालवतेस? म्हातारपनी कोन बघल?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तुझं वय माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी स्वतः रोह्याला जाऊन काशीबाईंशी बोलले. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी इचारायची हिंमत करत नवते, तुमी आलात." जनूभाऊंना खारेपाटात जाऊन हे भेटले. तू मात्र मला म्हणालीस, मी कुठे जाणार नाही, तुम्हाला कोण आहे. आणि मी तुला म्हटलं की आम्ही दोघं आहोत एकमेकांना, तू तुझं बघ. लग्न पेणला देवळात झालं. गाडीत बसवताना मी तुझ्या कानात सांगितलं, आता इकडे येऊ नकोस, फोन करू नकोस, तिकडे पाय रुजू दे. ज्या घरात ह्या भिंती, हा फोटो, हे चाक, त्या घरात तू सारखी येत राहिलीस तर त्या पोराच्या घरी तू कधी पोहोचणारच नाहीस, असं मला वाटलं. अजूनही ते बरोबरच होतं असं वाटतं. पण बरोबर असलं म्हणून सोपं असतं असं कुठे आहे? गाडी रोह्याच्या रस्त्याला लागली आणि मी घरी येऊन तीन ताटं वाढली.

तू जाण्याआधी मला कोरायला शिकवलंस ना, तेवढ्या आधारावर दोन वर्षं काढली. तू माझ्यावर ओरडायचीस, "आई, रंगासारखा हात फिरवू नका, माती उचला." जन्मभर कुंचला धरला मी. डोळा चुकला तर ओल्या फडक्याने पुसून परत काढायचा, ही सवय. कोरलेलं कसं पुसणार? माझ्या पहिल्या ताटावरचा जिताडा बघून ह्यांनी विचारलं, ही भेंडी का. आता जमतं बऱ्यापैकी. अलिबागच्या एका हॉटेलवाल्याने आठवड्याच्या बाजारात आपली ताटं बघून चहाचे मग सांगितलेत. पण कोरताना मी तुझ्या स्टुलाकडे तोंड करून बसते. एखादी रेष नीट उतरली की मान वर जाते, दाखवायला. समोर कुणी नसतं. फळीच्या त्या टोकाला हे गोळा मळत असतात, त्यांना काय कळतंय. पण कुणी गिऱ्हाईक कामाचं कौतुक करायला लागलं की म्हणतात, "खरं काम आमच्या सुनेचं, ती रोह्याला असते." जणू तू चार दिवस पाहुणी गेली आहेस.

दिवाळीनंतर माझ्या चुलतबहिणीच्या नातीचा साखरपुडा होता रोह्याला. मी पेणहून नागोठण्यामार्गे एसटीने गेले. कार्यक्रम आटोपला, परतीच्या गाडीला वेळ होता, आणि माझे पाय आपोआप तुमच्या खानावळीकडे वळले. दारालगतच्या रसाच्या गाडीपाशी मी उभी राहिले. आत जायचं नाही, नुसतं बघायचं, असं स्वतःला बजावलं होतं. दुपारची गर्दी होती. कंपनीचे निळे शर्ट घातलेली माणसं बाकांवर दाटीवाटीने बसलेली, आणि त्यांच्यासमोर आपली ताटं. इतकी एकत्र मी कधी पाहिलीच नव्हती. भट्टीतून निघाली की ती खोक्यात जातात. इथे त्यात भात होता, आमटी होती, कुणी लिंबाची फोड काठावर तुझ्या बगळ्याजवळ ठेवली होती. एक जण कुरकुरत होता की मला चिंबोरीचं ताट पाहिजे, ह्याला का दिलं. एक वयस्कर कामगार जेवून झाल्यावर, हात धुवायला उठायच्या आधी, रिकाम्या ताटाच्या काठावरून बोट फिरवत बसला होता. मिठागराच्या एकेका कोंडीवरून, सावकाश, कुठेतरी दुसरीकडेच बघत. नितेश असता तर तो त्या माणसाशेजारी जाऊन बसला असता. तेवढ्यात तू आतून आलीस. हातावर ताटांची चळत, कपाळाला घाम, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर तू हसत होतीस. अंगाने भरली होतीस. मला वाटलं, काशीबाईंच्या हातचं मानवलंय पोरीला. तुझं लक्ष रस्त्याकडे वळेल असं वाटलं आणि मी पाठ फिरवली. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. नागोठणं येईपर्यंत मी रडले, मग नाही.

मला वाटलं होतं मला कुणी पाहिलं नाही. पण गेल्या मंगळवारी काशीबाई जोह्याला आल्या, एकट्याच. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "रसाच्या गाडीपाशी तुमी उभ्या व्हत्या. मी भात काढताना बघितलं. हाक मारनार तवर तुमी रस न पिताच चालायला लागलात." मग त्यांनी सांगितलं की तुला दिवस गेलेत, सहावा सरत आलाय. प्रतिक्षा, तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी तुटलं. या घरात, माझ्या नितेशचं, असं मी किती वेळा मनात धरलं होतं. मी उठून आत गेले, पूर्वी चूल होती त्या कोपऱ्यात उगाच उभी राहिले, आणि बाहेर आले तर काशीबाई तशाच बसून होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. त्या म्हणाल्या, "जनूभाऊ गेले. तिच्या भावानं, अक्षयनं, घर बंद करून उरनला बिऱ्हाड केलंय, त्याची बायकू काय करनार? मी इचारलं पोरीला, बाळंतपनाला कुटं जायचं? तर बोलत नाय. मी करंन म्हटलं, त मान डोलावते. पर परवा ताटं पुसताना आपल्याआपन म्हनते, आईंना कळलं त त्यांना वाईट वाटंल. तवा मला कळलं हिच्या मनात काय हाय. पर बोलवल्याबिगर लेक कशी येल?"

दोन वर्षं तू फोन केला नाहीस तो माझ्या सांगण्यावरून, असं मी समजत होते. आणि हे चार-पाच महिने तू गप्प राहिलीस ते माझं मन राखायला. वेडी गं वेडी. हो, वाईट वाटलं. रात्रभर नाही, तासभर. मग ह्यांना सांगितलं. ते ताट दाबत होते, हात तसाच साच्यावर राहिला. मग त्यांनी हात धुतले, माळ्यावरून शिडी उतरवली आणि मधल्या खोलीत तुळईची पाळण्याची कडी बघायला चढले. तेल घातलं, हलवून बघितलं, आणि मग, साठी उलटलेला माणूस, दोन्ही हातांनी त्या कडीला लोंबकळून बघायला लागला, भार सोसते का म्हणून. मी खालून शिडी धरून ओरडते आहे, आणि हे म्हणतात, "हाय, मजबूत हाय." काशीबाई हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या. बायजाबाई हे ऐकून लगबगीने आल्याच. "पयल्या सासरी बाळंतपन? असं जगात कुटं झालंय?" मी म्हटलं, इथे होईल.

म्हणून हे पत्र, बाळा. लेकीला पहिल्या बाळंतपणाला आईने बोलवायचं असतं, तर मी तुला बोलावते आहे. सातवा लागला की हे स्वतः तुला आणायला येतील. काशीबाईंशी तसं ठरलंय, आणि पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे मी नाव घालून आले आहे. मिथुनरावांना सांग, सुट्टीच्या दिवशी जावई म्हणून यायचं, वाटी फुटल्याचं निमित्त लागणार नाही. तुला कोरायला बसावंसं वाटलं तर बस, नाही वाटलं तर ओसरीवर पाय लांब करून माझ्या चुका काढ. नितेशचा फोटो भिंतीवर आहे तिथेच आहे. तो मी काढणार नाही, आणि तू त्याच्यासमोर मान खाली घालून वावरायचं नाही. गाव विचारेल, हे बाळ कुणाचं, इथे कसं. त्याची काळजी तू करू नकोस. माझ्या लेकीचं आहे, म्हणून सांगेन.

दारात उभी असलेली,
तुझीच
आई